जन्मापासूनचा तीळ

मी मद्रासला पहिल्यांदा आलो तेव्हा आधी माझं नाक फलाटावर उतरलं आणि बऱ्याच वेळाने मागून मी, असं माझे सासरे सांगतात. सासरे खोटं बोलत नाहीत. चाळीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस होते. माझं तसं नाही. मी बत्तीस वर्षं गुम्मिडिपूंडीच्या एका लोखंडाच्या कारखान्यात, उघड्या यार्डात, भंगाराच्या ट्रकांची वजनं केली. यार्डात सावली अशी नव्हतीच. मे महिन्यात वजनकाट्याच्या पत्र्यावर आम्ही डोसे घालायचो. बरं, डोसे नाही, पण एकदा एकाने अंडं फोडलं होतं आणि त्याची कड पांढरी झालेली मी या डोळ्यांनी पाहिली. टोपी मी कधी घातली नाही. टोपी घातली की नाक झाकलं जातं, आणि नाक झाकायचं तर मग जगायचं कशाला, असा माझा तेव्हाचा बाणा होता.

बायको तंजावरकडची मराठी. त्यांची मराठी पोथीतून उठून थेट स्वयंपाकघरात आलेली, वर तमिळचा हेल. सगळं म्हणायचं असेल तर ती ‘असकं’ म्हणते. लग्नानंतर पहिल्या महिन्यात तिने माझं बोलणं पंधरा मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असकं खोटं.” तेव्हापासून मी काहीही सांगितलं की ती त्याला आठने भागते. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडेच एग्मोरला राहायला आले. वय अठ्ठ्याऐंशी, नजर पंचविशीतली.

तीन वर्षांपूर्वीच्या एका सकाळी कॉफी पिताना ते माझ्याकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, “माप्पिळ्ळै, नाकावर मच्चम आहे की हो.”

माप्पिळ्ळै म्हणजे जावई, एवढं मला येतं. पण माझं तमिळ यार्डातलं. टन, क्विंटल, रिव्हर्स घे, आणि तुझ्या आजोबांनी ट्रक चालवला होता का, इथपर्यंतच. मला मच्चम म्हणजे मच्छर वाटला. मी स्वतःच्या नाकावर अशी चापट मारली की कॉफीची डबरा-वाटी उडाली. हात बाजूला घेतला तर तळव्यावर रक्ताचा बारीक ठिपका.

“मेला,” मी म्हणालो.

“कोण मेला?” सासरे म्हणाले. “मच्चम म्हणजे तीळ हो.”

आरशात पाहिलं. नाकाच्या उजव्या अंगाला, डोळ्याच्या कोपऱ्यापासून बोटभर खाली, मसुराएवढा काळसर ठिपका होता. त्याची कड थोडी उंच आणि चकचकीत होती, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. मधे चापटीने फुटलेली जागा. डासाचा कुठे पत्ता नव्हता.

आता इथे तुम्हाला सांगायला हवं की तमिळ माणूस तिळाला हसण्यावारी नेत नाही. कुणाचं नशीब फळफळलं की लोक म्हणतात, त्याच्या अंगावर मच्चम आहे. तीळ कुठे असला म्हणजे काय मिळतं याचं अख्खं शास्त्र आहे, आणि सासऱ्यांकडे त्याची एक पिवळी पडलेली पुस्तिका आहे. त्यांनी चष्मा लावून पान काढलं. नाकाच्या उजव्या बाजूला: वाहनयोग, अधिकार, आणि सासरी मान.

“सासरी मान!” मी बायकोकडे पाहिलं. ती वांगी चिरत होती.

“पण एक आहे,” सासऱ्यांनी पुस्तिका मिटली. “जन्मापासूनचं असेल तर फळतं. मागून आलेलं फळत नाही.”

माझ्या साऱ्या गोष्टीचं बीज या एका वाक्यात आहे. सासरी मान मला अठ्ठावीस वर्षांत मिळालेला नव्हता, आणि आता तो नाकापाशी येऊन उभा राहिलेला. तो मी असा सोडणार होतो? “जन्मापासूनचंच आहे,” मी म्हणालो. “आधी फिकट होतं. उन्हाने हळूहळू उमटलं, फोटोच्या काचेसारखं.”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. “असेल मग.”

बायकोने सुरी थांबवली नाही.

यार्डात मी ही गोष्ट नेली तेव्हा ती बैलाएवढी होती, परत आणली तेव्हा हत्तीएवढी. माझ्या जन्माच्या वेळी सुईण म्हणाली होती की हे पोर मोठमोठी वाहनं चालवील, आणि बघा, दिवसाला साठ ट्रक माझ्या एका शिट्टीवर पुढे-मागे होतात. महिनाभरात क्रेनवाले पाळी सुरू करायच्या आधी माझ्या नाकाला बोट लावून जायला लागले. एकाची अडकलेली बढती झाली. तो तर हार घेऊन आला. मी हार नाकाला घालता येत नाही म्हणून गळ्यात घेतला.

हे बोट लावणं मी थांबवायला हवं होतं. कारण बोट लागलं की तिथे रक्त यायचं.

त्याच साली कारखान्यात तपासणी शिबिर झालं. रांगेत माझ्यामागे चाळीस माणसं, त्यातली निम्मी माझ्या नाकाची भक्त. टेबलापलीकडे एक तरुण डॉक्टर, हातात पेनाएवढी बॅटरी. रक्तदाब घेतला, डोळे पाहिले आणि मग बॅटरी नाकावर थांबली. तमिळमध्ये विचारलं, “हे मच्चम कधीपासून?”

चाळीस माणसं माझं उत्तर ऐकायला थांबलेली मला पाठीने कळत होती.

“पिरवी मच्चम,” मी म्हणालो. जन्मापासूनचं.

“वाढलंय का? रक्त येतं?”

“छे.”

त्याने बॅटरी विझवली आणि कागदावर लिहिलं. मी उलटं वाचलं: जन्मखूण. “बदल वाटला तर दाखवा,” तो म्हणाला, “पुढचा.” एवढंच. त्या एका शब्दाने मी स्वतःची दोन वर्षं त्या कागदावर पुरून टाकली, आणि वर बसून नाक मिरवलं.

ती दोन वर्षं माझ्या तोंडासमोर, अगदी शब्दशः, काय चाललं होतं ते मी रोज आरशात पाहत होतो. खपली धरायची. आठवड्याने पडायची. खाली ओलं, गुलाबी. पुन्हा खपली. दर वेळी खपली थोडी मोठी. मधला भाग खचत चालला, कड उंच होत चालली, आणि कडेवर केसाहून बारीक लाल रेघा दिसायला लागल्या. दुखत मात्र कधीच नव्हतं. मला वाटतं दुखलं असतं तर मी आरडाओरडा करून अख्खं एग्मोर गोळा केलं असतं. पण ते गुपचूप होतं. दुखवत नाही म्हणून ते आपलंच आहे, असं मी धरून चाललो.

टॉवेलवर ठिपके यायला लागले. बायको टॉवेल उचलायची, बघायची, धुवायला टाकायची. तिने न विचारता मी सांगायचो. सोमवारी वस्तरा लागला. गुरुवारी ट्रकच्या आरशाला धडकलो. एकदा तर कावळ्याने चोच मारली म्हणालो. त्याला ती म्हणाली, “कावळा तरी खरा होता का?”

माझ्या कुठल्याच कारणाला तिने कारण मानलं नाही. उशीचे अभ्रे पांढरे होते, ते तिने बदलून मरून केले. याचा अर्थ मी तेव्हा असा काढला की तिला मरून आवडतो.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो आणि आठ दिवसांनी ती म्हणाली, “चला.”

“कुठे?”

“चला म्हणते ना.”

सासरेही निघाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी काठी टेकून उभे. आम्ही तिघे गेलो ते एका इस्पितळात, त्वचेच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईंकडे. बाई लहानखुऱ्या, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यामुळे समोरचा आपोआप गप्प होतो हे त्यांना ठाऊक असावं. त्यांनी तेल लावलेलं भिंग माझ्या नाकावर टेकवलं आणि कडेकडेने सावकाश फिरवलं.

“हे कधीपासून आहे, सार?”

आता बघा. खोलीत यार्डातलं कुणी नव्हतं, हार नव्हता, रांग नव्हती. तरी माझं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, “जन्मापासून.”

“जन्मापासून,” बाई म्हणाल्या.

बायकोने पिशवीची चेन ओढली. आतून आमच्या लग्नाचा फोटो काढला, चौकटीसकट, भिंतीवरचा. खिळ्याची धूळ अजून मागे होती. तिने तो टेबलावर उभा केला. आम्ही दोघं झोपाळ्यावर बसलेले, आजूबाजूला तिच्या आत्या-मावश्या, आणि मधोमध अठ्ठाविसाव्या वर्षीचं माझं नाक. विमान उतरवावं असं लांब, रुंद आणि स्वच्छ. एक ठिपका नाही.

“हा यांचा जन्म,” ती डॉक्टरांना म्हणाली. “रक्त दोन वर्षं येतंय, जास्तच. टॉवेल मी धुते.”

खरं सांगतो, आयुष्यात मी पुष्कळदा पकडला गेलो आहे, पण चौकटीसकट कधीच नाही. तिने तो फोटो घरूनच घेतला होता. म्हणजे मी इथे येऊन काय बोलणार हे तिला घरीच माहीत होतं.

बाईंनी सुईने बधिर करून कोथिंबिरीच्या पानाएवढा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. तीळ नव्हताच तो. कर्करोग होता, कातडीच्या सगळ्यात खालच्या थरातून उगवणारा. बाई म्हणाल्या, आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो काळसर दिसतो, म्हणून लोक तीळ समजतात आणि वर्षानुवर्षं सांभाळतात. सावळ्या माणसाला हा कमी होतो. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि बत्तीस वर्षांचं ऊन कुणाचा रंग विचारत नाही.

“पसरलाय का?” बायकोने विचारलं.

“हा लांब सहसा जात नाही. मारतोही क्वचितच.” बायकोने श्वास सोडला. तो सुटेपर्यंत थांबून बाई पुढे म्हणाल्या, “पण जिथे आहे तिथलं खातो. कातडी, कूर्चा, मग हाड. जुन्या पुस्तकांत याचं नाव उंदरावरून आहे. कुरतडतो म्हणून.” त्यांनी पेनाच्या टोकाने हवेत माझ्या नाकापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत एक छोटी रेघ ओढली. “इथे दोन वर्षांपूर्वी आला असता, सार, तर अर्ध्या तासाचं काम होतं. आता बाहेर दिसतो तेवढाच आहे की खालून डोळ्याकडे सरकलाय, ते कापल्याशिवाय सांगता येणार नाही.”

मी विनोद करायचा म्हणून म्हणालो, “म्हणजे नाक कापणार.”

कुणी हसलं नाही. मराठीतला हा विनोद तमिळमध्ये नुसतं विधान होतो.

शस्त्रक्रियेची पद्धत त्यांनी आधी समजावली होती, तरी त्या दिवशी ती अंगावर आली. माणूस जागा असतो. जागा बधिर करतात, एक पातळ थर काढतात, पट्टी बांधून तुम्हाला बाहेर बसवतात. तो थर आत रंगवून, गोठवून, सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडून पाहतात. कुठे शिल्लक दिसलं तर तुम्हाला परत आत बोलावतात आणि नेमका तिथलाच पुढचा थर घेतात. स्वच्छ होईपर्यंत. किती वेळा, ते आधी कुणी सांगत नाही.

सकाळी नऊला पहिला थर निघाला. मी नाकावर कापसाचा डोंगर घेऊन बाकावर, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सासरे. समोरच्या बाकावर आणखी दोघं होते, एकाचा कान बांधलेला, एकीचा ओठ. नाक, कान, ओठ. मला म्हणावंसं वाटलं की आपण मिळून एक पुरा चेहरा होतो. पण बधिर ओठांनी ते निघेना.

साडेदहाला बोलावलं. बाईंनी कागदावर माझ्या जखमेचं वर्तुळ काढलं होतं, घड्याळासारखं आकडे घातलेलं. बारा कपाळाकडे, सहा ओठाकडे. “बाकी स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या, “नऊ ते अकरामध्ये शिल्लक आहे.” मी मनात काटे फिरवून पाहिले. नऊ ते अकरा म्हणजे डोळ्याची बाजू.

दुसरा थर. पुन्हा बाक. आता औषध उतरत आलेलं आणि पट्टीखाली काहीतरी टिकटिक करत होतं, ती नाडीच असावी. बायकोने घरून इडल्या आणल्या होत्या, त्या कुणी उघडल्या नाहीत. बाराच्या सुमारास आवाज आला. या वेळी बाईंनी कागद माझ्यापुढे धरला नाही, बायकोपुढे धरला. “दहा ते अकरा,” त्या म्हणाल्या. “थोडंच. पण खाली, खोल. आणखी एक थर घेते. तिथेही निघालं तर मी आज थांबेन. मग डोळ्यांचे डॉक्टर बरोबर घ्यावे लागतील, आणि तेव्हा काय वाचेल ते मी आत्ता सांगत नाही.”

तिसरा थर घेताना मला कुरकुर ऐकू आली. बधिर जागेतून दुखणं येत नाही पण आवाज येतो, कारण नाक कानाच्या शेजारी राहतं. खरोखर उंदरासारखा आवाज. फक्त हा उंदीर आमच्या बाजूचा होता.

पुन्हा बाहेर आलो. उजव्या डोळ्याला आता पट्टीची कड दिसत होती, पांढरी, आणि मी तो डोळा मिटून बघितलं की एकाच डोळ्याने ती मार्गिका कशी दिसते. चपटी दिसते. बायको दूर पाण्याच्या नळाशी गेली होती. तेव्हा सासरे काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले, “माप्पिळ्ळै, एक सांगतो.”

मी मान वळवली, जितकी वळली तितकी.

“तुमचं मच्चम मागून आलेलं आहे हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. लग्नात मी तुमच्यासमोर दीड तास बसलो होतो. नाकाशिवाय बघायला दुसरं होतं काय.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “चाळीस वर्षं बनावट तिकीट मी लांबून ओळखलं. तुमचंही ओळखलं. पण तुम्ही गोष्ट इतकी छान सांगितली, की मी त्याला भोक पाडून दिलं.”

त्यांच्या शर्टाच्या खिशातून त्या पुस्तिकेची पिवळी कड डोकावत होती. त्यांनी ती आत ढकलली.

पावणेदोनला बाई स्वतः बाहेर आल्या. घड्याळ कोरं होतं. बारा ते बारा, कुठेही काही नाही.

त्यानंतरचं मी एरवी दोन तास सांगतो, इथे थोडक्यात. नाकाला पडलेला खड्डा बुजवायला कपाळाची कातडी खाली वळवून लावली. ही विद्या आपल्याच देशातली, फार जुनी, नाकं कापली जायची त्या काळातली. तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीची सोंड लोंबत होती, कारण नवी जागा रुजेपर्यंत तिला रक्त वरूनच मिळतं. पायऱ्यांवरची शेजारीण मला बघून नकळत हात जोडायची. आता सोंड कापली आहे, शिवण उन्हात पांढरी दिसते, आणि नाकाला बोट लावलं तर कुणी कपाळाला हात लावल्यासारखं वाटतं. हे मी वाढवून सांगत नाही. या एका बाबतीत वाढवायला जागाच ठेवलेली नाही.

बायकोने क्रिकेटच्या पंचांची असते तशी रुंद टोपी आणली. नाकावर, कानांवर रोज पांढरं मलम, पावसाळी दिवशीसुद्धा. आणि दर रविवारी सकाळी न्हाणं झालं की ती मला बाल्कनीत उभं करते आणि मोबाइलवर चार फोटो काढते: समोरून, डावीकडून, उजवीकडून, मागून. मी म्हणालो, “पोलिसात कैद्याचे असे काढतात.”

“कैदी तरी दोनच बाजूंनी,” ती म्हणाली. “हलू नका.”

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. बाईंनी नाकावर भिंग फिरवलं, बोटाने कडा चाचपल्या, म्हणाल्या, “छान.” मग, सवयीनेच, टोपी काढायला लावली, मान, टाळू, आणि डाव्या कानाच्या वरच्या कडेला त्यांचं बोट थांबलं. तिथे एक खरखरीत गाठ होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी, मधे खपलीचं शिंग. मला ठाऊक होती. मी रोज सकाळी तिला हात लावत होतो.

“हे कधीपासून आहे, सार?”

तोच प्रश्न. बायकोचा हात पिशवीच्या चेनवर गेला.

“अकरा दिवस,” मी म्हणालो.

बाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे. दोघींच्याही चेहऱ्यावर एकच होतं, आणि ते मीच तिथे आणून ठेवलेलं, इतक्या वर्षांच्या मेहनतीने. मला शपथ घ्यावीशी वाटली, पण माझ्या शपथा त्या घरात केव्हाच संपल्या आहेत. “अकराच दिवस,” मी पुन्हा म्हणालो. दुसऱ्यांदा ते आणखी खोटं वाटलं.

बायकोने पिशवी सोडली आणि मोबाइल काढला. एकेक रविवार मागे सरकवत गेली. गेला रविवार, डावीकडून: कानाच्या कडेला ठिपका. त्याच्या आधीचा रविवार: तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला, कान अख्खा पडदाभर झाला, बुरशीच्या छत्रीसारखा. कड गुळगुळीत. त्याच्या आधीचा: गुळगुळीत.

“खरं बोलतायत,” ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात आनंद असायला हवा होता. नव्हता. ती डॉक्टरांकडे बघत होती.

बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. “तुम्ही खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं, सार,” त्या म्हणाल्या. “नाकावरचा संथ होता. त्याला वर्षं लागतात. अकरा दिवसांत एवढं वाढणारं म्हणजे तो नव्हे, कातडीच्या वरच्या थरातलं दुसरं काही. कधी नुसतीच गाठ निघते. कधी नाही. आणि तिथला कर्करोग निघाला तर तो एका जागी राहायचं वचन देत नाही.” त्यांनी हातमोजे चढवले आणि माझ्या जबड्याखाली, मानेच्या कडेने, दोन्ही बाजूंना बोटं खोल दाबत खाली नेली. डाव्या बाजूला परत वर आल्या. पुन्हा खाली. काय शोधतायत हे मी विचारलं नाही.

“आजच तुकडा घेते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बरोबर दिवस सांगितलात, म्हणून आजच.”

सुई टोचताना मी बायकोचा हात धरला होता. बाहेर बाकावर सासरे बसले होते. त्यांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी नेहमीसारखी काहीतरी ऐसपैस गोष्ट सुरू करायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

“गुरुवारी कळेल,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, जसं ते लांबून तिकीट पाहायचे तसं. मग काठी टेकून उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा शब्द न तपासता पुढे चालू लागले.